उजव्या बाजूचा राखाडी

युद्धनौकेचा रंग कोणता, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

राखाडी, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होते. पण कोणता राखाडी? निळ्याकडे झुकणारा की हिरव्याकडे? आणि ज्याने सांगितलं त्याने ती नौका स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, की त्यानेही कुठेतरी वाचलं होतं? गेली काही वर्षं हे प्रश्न मी लोकांना बऱ्यापैकी उद्धटपणे विचारत आले. उत्तर देता आलं नाही की मी त्यांचा रंग नामंजूर करायची. तेच प्रश्न आमच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, माझ्यावर उलटले. त्याची ही हकिकत.

मी सिल्वासात वाढले. जवळच्या गलोंडा गावातल्या एका रंगाच्या कारखान्यात शेड मॅचिंगचं काम करते. गिऱ्हाईक रंगवलेल्या पत्र्याचा तुकडा पाठवतं, खाली आमची बॅच ढवळली जात असते, आणि दोन्ही एकसारखे आहेत की नाहीत हे मी सांगायचं. नसतील तर काळा किती घाला, पिवळा किती घाला, हेही मीच सांगायचं. यंत्र आकडे देतं, पण सही करताना सगळे माझ्या डोळ्याकडे बघतात. हा डोळा मला वडिलांकडून आला. आप्पाही निवृत्त होईपर्यंत इथल्याच एका कारखान्यात रंग कालवत होते.

पण आमच्या गल्लीत आप्पांची ओळख रंगाची नाही, पत्रकांची आहे. ते मूळचे धुळ्याकडचे. सिल्वासात आले तेव्हापासून कामगारांची पत्रकं तेच लिहितात. गेटवर प्यायला पाणी नाही, हातमोजे फाटके देतात, ठेकेदाराने न सांगता माणसं कमी केली, असं काही झालं की रविवारी सकाळी आप्पा जमिनीवर फतकल मारून कागद पुढे ओढायचे. सभेला गुलाबी कागद, मागण्यांना पिवळा. मी अक्षरं शिकले ती त्या कागदांवर. मला सलग वाचता आलेला पहिला शब्द ‘आई’ नव्हता, ‘बंधूंनो’ होता. आईला याचा अजून राग आहे.

आप्पांची सगळी पत्रकं मी तारखेप्रमाणे एका फाइलीत लावून ठेवली आहेत. प्रत्येकाच्या खाली त्यांची सही आहे. जे छापलं आणि ज्याच्याखाली सही केली तेच खरं, बाकी सगळं बोलणं, हा माझा धर्म त्या फाइलीतून आलेला आहे.

सुट्टीच्या दिवशी मी युद्धनौकांची मॉडेल्स बनवते. मैत्रिणी विचारतात, तू शांततेच्या सभांना जातेस आणि घरी तोफा चिकटवतेस, हे कसं जमतं? त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. मला तोफांशी देणंघेणं नाही. सिल्वासात येण्याआधी आप्पा समुद्रकाठच्या एका दुरुस्ती गोदीत ठेकेदाराकडे जहाजं खरवडून रंगवायचे. जहाजांच्या कप्तानांवर पुस्तकं निघतात. दोरांनी सोडलेल्या फळीच्या झुल्यावर लटकून गंज खरवडणाऱ्यांवर एक पानही निघत नाही. ते पान मी प्लास्टिकच्या पत्र्यातून बनवते, एवढंच.

सिल्वासात आम्ही सात-आठजण हा नाद करतो. बहुतेक पुण्या-नाशिककडचे इंजिनिअर आहेत. आमच्यातले ज्येष्ठ म्हणजे धाग्याच्या एका कारखान्यातले पुण्याचे मॅनेजर, त्यांना आम्ही सर म्हणतो. वर्षातून एकदा एका शाळेच्या सभागृहात आमचं प्रदर्शन असतं आणि त्यात एक नियम आहे. प्रत्येक मॉडेलपुढे एक कागद ठेवायचा आणि लावलेल्या प्रत्येक रंगापुढे तो कशावरून ठरवला हे लिहायचं. छापील संदर्भ किंवा फोटो. त्या कागदाला आम्ही रंगपत्रक म्हणतो. हा नियम मी आणला, नावही मीच दिलं.

नियम आणला त्याच वर्षी एक वयस्क गृहस्थ छोटी गस्ती नौका घेऊन आले होते. तिचा रंग हिरवट होता. पत्रकावर त्यांनी लिहिलं होतं, “लहानपणी बंदरात पाहिली होती.” मी सगळ्यांसमोर म्हणाले, “काका, आठवण म्हणजे पुरावा नाही.” त्यांनी मॉडेल पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं. पुढच्या वर्षी ते आले नाहीत. मला तेव्हा त्यात काही गैर वाटलं नव्हतं, हे इथे लिहून ठेवते.

या वर्षी मी आप्पांच्या गोदीत आलेली एक नौका करायला घेतली. तिचं नाव मी देणार नाही. ती कधीच भंगारात गेली, आणि पुढे जे सांगणार आहे त्यात तिचा काही दोष नव्हता. फूटभर लांबीचं मॉडेल, प्लास्टिकच्या कारखान्यातल्या कातरणातून कापलेलं. सांगाडा झाला, मनोरा झाला, तोफा झाल्या. प्रदर्शनाला दोन आठवडे उरले आणि रंगाची वेळ आली.

राखाडी रंग ठरवणं बाहेरून दिसतं तितकं सोपं नसतं. छापील तक्त्यात एक क्रमांक मिळतो. पण तो रंग मोठ्या जहाजासाठी असतो. फूटभर मॉडेलवर तो जसाच्या तसा लावला तर फार काळपट दिसतो, कारण खरं जहाज आपण लांबून, मधल्या हवेतून बघतो. म्हणून त्यात थोडा पांढरा घालतात, आणि किती घालायचा यावरून आमच्यात माणसं एकमेकांशी महिनाभर बोलत नाहीत. मी सात मिश्रणं केली. सात पट्ट्यांवर लावली, मागे पेन्सिलीने आकडे टाकले आणि चिमट्यांनी कपड्यांच्या दोरीवर वाळत घातल्या. सहा पट्ट्या मनासारख्या होत्या. सातवी बिघडलेली होती. डब्यात प्रायमर, म्हणजे रंगाखाली द्यायचा पांढरा थर, उरलेला होता, तो बघायचा राहून गेला आणि त्यातच रंग ओतला गेला. ती पट्टी फिकट, मळकट, थोडी पिवळ्यावर गेलेली आली. टाकून द्यायची म्हणून शेवटच्या चिमट्याला लावली होती.

दुपारी आप्पा टॉवेल काढायला अंगणात आले. पट्ट्यांसमोर थांबले. मी दारात बसून मनोऱ्याच्या कडा घासत होते.

“हे त्याच जहाजाचे का?” त्यांनी विचारलं.

“हो. ओळखा बरं कोणता.”

त्यांनी बोट लावलं ते सातव्या पट्टीला.

मी हसले. “आप्पा, तो वाया गेलेला आहे. त्यात प्रायमर पडलाय.”

“हाच होता,” आप्पा म्हणाले.

आतून आई म्हणाली, “त्यांचा मोतीबिंदू बोलून राहिला. सकाळी मीठ समजून साखर घेतली वरणात.”

मलाही तेच वाटलं. पण मी रंगाच्या प्रयोगशाळेत काम करणारी बाई आहे. पट्ट्या दोरीवरून काढल्या, पत्त्यांसारख्या पिसल्या आणि उन्हात ओट्यावर मांडल्या. त्यांनी सातवी उचलली. पुन्हा पिसल्या, सावलीत मांडल्या. सातवी. मग आत जाऊन आईच्या पदराने त्यांचा चष्मा पुसून आणला आणि तिसऱ्यांदा मांडल्या. त्यांनी सहा पट्ट्या बाजूला सारल्या आणि सातवी माझ्या हातात ठेवली.

“डाव्या बाजूला हा तुझा तिसरा,” ते म्हणाले. “उजव्या बाजूला हा.”

“एकाच जहाजाला दोन रंग कसे असतील?”

“धक्क्याकडे डावी बाजू होती. साहेब तिथनं बघायचे. उजवी समुद्राकडे.”

मला अजूनही कळलं नव्हतं. मी म्हणाले की तक्त्यात एकच क्रमांक आहे, फोटोतही एकच दिसतो. आप्पा टॉवेलाची घडी घालत होते. घडी घालून झाली, ती त्यांनी मोडली आणि पुन्हा घातली.

“फोटो धक्क्यावरनं काढलेला आहे,” ते म्हणाले. “रंगाचे डबे कमी पडले. कमी पडले म्हणजे ठेकेदाराने बाहेर काढले. उरला तो पुरवायचा होता. मग पांढरा प्रायमर घातला, वरून थिनर घातलं आणि उजवी बाजू उरकली. गंज पण धड खरवडला नव्हता खालचा.”

“कोणी घातला?”

“कालवायचं काम ज्याचं होतं त्याने नाही म्हटलं. म्हणून त्याला काढलं.”

“मग कोणी घातला?”

“मी.”

मी हातातला कागद, म्हणजे घासायचा पॉलिश पेपर, किती वेळ धरून बसले होते ते मला आठवत नाही. बोटाच्या टोकावरची कातडी घासली गेली होती, हे संध्याकाळी लक्षात आलं. आईने आतलं भांड्यांचं काम थांबवलं होतं. म्हणजे तिलाही हे माहीत नव्हतं.

मी आत जाऊन फाइल आणली. मला दुसरं काही सुचलं नाही. पहिल्या पानापासून उलटत गेले. पाणी, हातमोजे, बस, कमी केलेली माणसं. कमी केलेल्या माणसांवर चार पत्रकं होती, चारही आप्पांच्या सहीची.

“यात ते पत्रक नाही,” मी म्हणाले.

“लिहिलंच नाही.”

“तुम्ही सगळ्या जगाला लिहिलंत.”

“हो.”

“ज्याला काढलं तो कोण होता?”

आप्पांनी सांगितलं. तो माणूस म्हणजे जवळच्या रांधा गावचे पेंटरकाका होते. दर दिवाळीला आमच्याकडे फराळाला येणारे, मला खांद्यावर बसवून दादऱ्याच्या वनगंगा तलावावर नेणारे, माझ्या सायकलवर फुलपाखरू काढून देणारे. आप्पा सिल्वासात स्थिरावले तेव्हा त्यांनीच काकांना इकडे बोलावून घेतलं होतं. वीस-पंचवीस वर्षं ही दोन माणसं एका ताटलीतून शेव खात होती आणि त्यांच्यामध्ये हा डबा होता.

मी आप्पांना बरंच बोलले. ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढं सांगते की ‘ढोंग’ हा शब्द मी दोनदा वापरला. त्यांनी एकदाही अडवलं नाही. शेवटी इतकंच विचारलं, “तुझ्या सहीने कधी चुकीची बॅच गेली नाही?”

मी ताडकन नाही म्हणाले. आणि म्हणता म्हणताच मला मशीनच्या दारांसाठी गेलेला तो राखाडी आठवला. दिवसाच्या उजेडात तो जुळत नव्हता, ट्यूबलाइटखाली जुळत होता. गेटवर गाडी उभी होती. सुपरवायझर म्हणाला, “बेन, चालशे,” म्हणजे चालून जाईल. मी पट्टी ट्यूबलाइटखाली धरली आणि सही केली. हे मी आप्पांना सांगितलं नाही. आज इथे लिहिते आहे.

आता माझ्यापुढे साधा प्रश्न होता आणि तो मला झोपू देत नव्हता. रंगपत्रकावर काय लिहायचं? तक्त्यातला क्रमांक दोन्ही बाजूंना लावला तर कोणी विचारणार नव्हतं, पण ते खोटं झालं असतं, आणि खोटं आहे हे मला माहीत असताना. उजवी बाजू फिकट केली तर कशावरून ठरवली ते लिहावं लागणार होतं. ते लिहिलं तर ज्या माणसाला अर्धं सिल्वासा सरळ माणूस म्हणून ओळखतं त्याची लाज मी सभागृहात टेबलावर मांडणार होते. नियम माझाच होता. आप्पा म्हणाले, “तुझं मॉडेल आहे. तू ठरव.” आणि जाऊन भाजी निवडायला बसले.

पुढच्या सुट्टीला मी रांध्याला गेले. पेंटरकाका अजून टेम्पोंवर नावं आणि नक्षी रंगवतात. मी पोचले तेव्हा ते एका टेम्पोच्या टपावर उभे राहून वरच्या फळीवर कमळ काढत होते. एक पाय केबिनवर, एक फळीच्या कडेला, ब्रश तोंडात. मला बघून त्यांनी ब्रश हातात घेतला.

“आज पत्रकवाल्याची पोर इकडे कशी? मोर्चा आहे का?”

“काका, खाली या. विचारायचंय.”

ते झपकन खाली उतरले. मी मॉडेल खोक्यातून काढून टेम्पोच्या फाळक्यावर ठेवलं. अजून ते पांढरंच होतं. त्यांनी कमरेत वाकून, हात मागे बांधून ते बघितलं.

“झुल्याचे दोर कुठे बांधायचे ते कठडे पण केले की,” ते म्हणाले. “बारीक काम आहे. बाप एवढा बारीक नव्हता.”

“उजव्या बाजूचा रंग कोणता होता?”

ते सरळ झाले. माझ्याकडे बघितलं. मग हसले. “सांगितलं का त्याने? सांगायला लई वर्षं घेतली.”

“तुम्ही नाही म्हणालात म्हणून तुम्हाला काढलं. आणि आप्पांनी तुमचं काम घेतलं.”

“हे असं सांगितलं त्याने?” काकांनी मान हलवली. “तुझा बाप लिहिणारा माणूस, त्याला गोष्टीत नेहमी एक शूर माणूस लागतो. अगं, कसलं नाही म्हटलं? मला झुल्यावर बसायची भीती वाटायची. खाली पाणी बघितलं की गरगरायचं. उजवी बाजू म्हणजे नुसतं पाणी. त्या दिवशी म्हटलं, मी बसत नाही. ठेकेदाराने काढलं. तुझ्या बापाने माझं काही घेतलं नाही. मी पळालो म्हणून त्याच्या गळ्यात पडलं.”

मी मॉडेल पुन्हा खोक्यात ठेवलं. जन्मभर आप्पा ज्या नकारापुढे मान खाली घालून पत्रकं लिहीत राहिले तो नकार नव्हताच? फक्त भीती होती? मला एकाच आठवड्यात दुसऱ्यांदा असं झालं की मी ज्या गोष्टीवर उभी होते ती गोष्टच कोणीतरी काढून घेतली. काकांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, “त्याला सांग, डोक्यातनं काढ आता. म्हातारे झालो.”

घरी येऊन मी आप्पांना जसंच्या तसं सांगितलं. वाटलं होतं त्यांना हलकं वाटेल. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मग मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा चेहरा असा पडलेला पाहिला.

“झुल्याची भीती?” ते म्हणाले. “त्याला? तो डोलकाठीच्या टोकावर बसून बिडी ओढायचा. आम्ही खालून ओरडायचो.”

“मग ते असं का म्हणाले?”

 आईच बोलली. मला म्हणाली, “तू गेली तेव्हा ते कुठे होते?”

टपावर होते. टेम्पोच्या टपावर, एक पाय केबिनवर आणि एक फळीच्या कडेला, सत्तरीच्या घरातला माणूस. मी स्वतः पाहिलं होतं. पुरावा, पुरावा करत गावभर फिरणारी मी, डोळ्यांसमोरचा पुरावा बघून घरी आले होते आणि त्यांनी सांगितलेलं खरं मानलं होतं. माझ्या बापाचं ओझं उतरावं म्हणून त्या माणसाने स्वतःला भित्रा म्हणवून घेतलं होतं, आणि तेही कमळाची पाकळी ओली असताना, एका मिनिटात, विचार न करता.

“लिही,” आप्पा म्हणाले. “पत्रक मी सांगतो, तू लिही.”

प्रदर्शनाला सातवी पट्टी लागली. म्हणजे मी तो बिघडलेला रंग पुन्हा मुद्दाम बिघडवला, तोच प्रायमर, तितकाच, आणि उजव्या बाजूला लावला. डावीला तक्त्यातला क्रमांक, पाऊण चमचा पांढरा घालून. मॉडेल टेबलाच्या मधोमध ठेवलं, दोन्ही बाजूंनी फिरून बघता येईल असं. पुढे कागद ठेवला. कागद पिवळा होता, आप्पांनी तो मुद्दाम शोधून आणला होता.

त्यावर असं होतं: “डावी बाजू: छापील तक्त्याप्रमाणे. उजवी बाजू: रंग कमी पडल्यामुळे प्रायमर घालून पुरवलेला. ज्याचं कालवायचं काम होतं त्याने असा रंग कालवायला नकार दिला, म्हणून त्याला कामावरून काढलं. मग तो मी कालवला. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.” खाली आप्पांची सही. आणि ते स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून टेबलामागे उभे.

सरांनी फेरीत आमच्या टेबलापाशी येऊन कागद वाचला. पुन्हा वाचला. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, “हे कुठे छापून आलंय का? नियम तुमचाच आहे.”

“नाही, सर. छापलेलं काही नाही.”

“मग पुरावा कुठला धरायचा?”

आप्पांना ऐकू गेलं होतं. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, तळवे वर करून. “हे धरा,” ते म्हणाले. सरांनी त्या हातांकडे बघितलं आणि वहीत बरोबरची खूण केली.

आमच्या गल्लीतली माणसं आली. कारखान्यातली आली. काहींनी कागद वाचून आप्पांशी बोलणं टाळलं, हे मी पाहिलं. एकजण म्हणाला, “आप्पा, हे कशाला लिवलं, कोन इचारत होतं?” आप्पा म्हणाले, “म्हणूनच लिहिलं.”

दुपारी पेंटरकाका आले. मी त्यांना बोलावलं नव्हतं, आप्पांनी बोलावलं होतं. त्यांनी कागदाकडे पाहिलं, पण तो वाचला नाही. वळसा घालून उजव्या बाजूला गेले, गुडघे वाकवून मॉडेलच्या उंचीला आले आणि एक डोळा मिटून बघत राहिले.

“चिमूटभर पिवळा अजून पाहिजे होता,” ते म्हणाले.

“तुला काय माहीत?” आप्पा म्हणाले. “तू तर घाबरून पळून गेला होतास ना?”

काका उठले. 

“दोन दिवसांनी होडी घेऊन आलो होतो बघायला,” ते म्हणाले. “समुद्राच्या बाजूने. तू झुल्यावर होतास. मला बघितलं नाहीस तू.”

आप्पांचा चेहरा मी सांगू शकत नाही. ते टेबल ओलांडून पुढे आले नाहीत, मिठी मारली नाही, असलं काही झालं नाही. ते म्हणाले, “हाक मारायची होतीस.” काका म्हणाले, “हातात ब्रश होता तुझ्या. पडला असतास.” मग दोघं सभागृहाच्या बाहेर जाऊन पायरीवर बसले आणि आईने डब्यात दिलेली शेव खाल्ली. मी आतून बघत होते. माझ्या हातात पट्टी क्रमांक सात होती आणि काका म्हणाले ते बरोबर होतं, चिमूटभर पिवळा कमी होता.

त्या हिरवट गस्ती नौकेवाल्या गृहस्थांचा पत्ता मी नंतर शोधला. ते सिल्वासातून मुलाकडे राहायला गेले, एवढंच कळलं, कुठे ते कोणाला माहीत नव्हतं. त्यांनी ती नौका कोणत्या बंदरात पाहिली, सकाळी की संध्याकाळी, ती नुकती रंगवलेली होती का, यातलं मी काहीच विचारलं नव्हतं. आता तो रंग फक्त त्यांच्याकडे आहे. रंगपत्रकाचा नियम आम्ही बदलला आहे. छापील संदर्भ, फोटो, किंवा ज्याने पाहिलं वा केलं त्याचं सहीचं सांगणं.

म्हणून माझं तुम्हाला मागणं आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी अशी एक तरी व्यक्ती असेल जिने हाताने काही रंगवलं, जोडलं, विणलं, ओतलं असेल आणि त्याची कुठेही नोंद नसेल. आज तिच्याजवळ बसा. ते नक्की कसं होतं, हे विचारा. पुस्तकात वेगळं आहे असं मध्येच सांगू नका. सांगतील ते त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवा, तारीख घाला, खाली त्यांची सही घ्या. आणि त्या कामात त्यांच्या शेजारी उभा असलेला दुसरा माणूस अजून असेल, तर उद्या त्याच्याकडेही जा. तो कुठे उभा आहे ते मात्र नीट बघा.